पेट्रोलवरचं प्रेशर वॉशर: भाड्यानं नेणारे नेहमी विचारतात ते प्रश्न

आमचं दुकान अंबडच्या पुढं, फवारणी पंप अन् छोटी इंजिनं दुरुस्त करतो आणि दोन पेट्रोलवरचे प्रेशर वॉशर, म्हणजे इंजिनाच्या जोरावर पाण्याची धार मारून धुवायची मशीनं, भाड्यानं देतो. पोळ्याच्या आधी चार दिवस अन् खंडेनवमीच्या आधी आठ दिवस फोन खाली ठेवता येत नाही, ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, मळणी यंत्र, सगळ्यांना एकाच वेळी धुवायचं असतं. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाचं लिहून टाकलं. मशीन न्यायच्या आधी वाचा, नेल्यावर वाचून उपयोग नाही कारण तेव्हा दोरी ओढायची घाई असते.

पाणीच तर आहे, त्याला एवढं काय भ्यायचं?

कारच्या टायरात हवा असते ३०-३५ पीएसआय, पीएसआय म्हणजे प्रेशर मोजायचं माप. आमच्या मशीनचं पाणी निघतं २५०० पीएसआयनं, म्हणजे कारच्या टायरच्या सत्तर-ऐंशी पट. कातडी फोडायला १०० पीएसआयसुद्धा पुरतं असं म्हणतात, आता तुम्हीच हिशोब करा. ज्यांच्या मशीनवर बार या दुसऱ्या मापात आकडा लिहिलेला आहे त्यांनी साडेचौदानं गुणा, १५० बार म्हणजे साधारण २१७५ पीएसआय झाले.

दुसरी गोष्ट म्हणजे लोकांना वाटतं मशीन चालू असताना धोका असतो. मला लागलं ते मशीन बंद केल्यावर. रोटाव्हेटर धुवून झाला होता, इंजिन बंद केलं, चष्मा डोक्यावर सरकवला अन् गनच्या टोकाचं नोजल बदलायला कपलिंगची रिंग मागं ओढली, पाइपात प्रेशर तसंच अडकलेलं होतं हे डोक्यातच नाही, नोजल सुटलं ते सरळ भुवईवर. तीन टाके पडले. बोटभर खाली लागलं असतं तर डोळा गेला असता. तेव्हापासून मी प्रत्येकाला एकच सांगतो, इंजिन बंद झालं म्हणजे प्रेशर बंद झालं असं नाही. खालच्या बऱ्याच उत्तरांत हेच परत परत येईल, कंटाळू नका.

लाइटवरचं का ठेवत नाही, ते सोपं असतं ना?

सोपं असतं, पण शेतावर लाइट कधी येणार ते तुम्हाला माहीत आहे अन् मलाही. शिवाय ओल्या जागेत वायरचे जोड, पिना, जुगाड करून ओढलेलं एक्स्टेन्शन, त्याची भीती वेगळीच. पेट्रोलवरचं कुठंही नेता येतं, जोरही जास्त. फक्त त्याचे स्वतःचे चार धोके असतात, धूर, पेट्रोल, गरम सायलेन्सर अन् आवाज.

चालू कसं करायचं? दोरी ओढून ओढून खांदा गेला.

खांदा जातो कारण क्रम चुकतो. आधी मशीन सपाट जागेवर ठेवा, ऑइलची काडी बघा, पेट्रोल बघा. मग दोन्ही पाइप जोडा, पाण्याचा कॉक पूर्ण उघडा, अन् इंजिनला हात न लावता गनचा घोडा दाबून धरा, नोजल न लावता. आधी फुसफुस करत हवा निघेल, पाणी तुटक तुटक येईल, मग एकसारखी धार लागेल. ती लागेपर्यंत सोडायचं नाही, एक मिनिट लागू द्या. पंपात हवा राहिली किंवा पंप कोरडा फिरला तर आतले सील जळतात, त्याला फार वेळ लागत नाही, अन् ते भाड्यात धरलेलं नाही हे आत्ताच सांगून ठेवतो.

धार लागली की घोडा सोडा, नोजल बसवा, टक असा आवाज आला पाहिजे, मग ओढून बघा निघतं का. आता पेट्रोलचा कॉक उघडा, इंजिन थंड असेल तर चोक ओढा, गरम असेल तर ओढू नका, स्विच चालू. दोरी ओढायच्या अगोदर घोडा एकदा दाबून सोडा. प्रेशर अडकलेलं असलं की दोरी जड लागते, मध्येच उलटा झटका बसतो अन् मनगट मुरगळतं. दोन-तीनदा ओढून चालू झालं नाही तर परत घोडा दाबा, परत ओढा. ताकद लावणारे लोकं दोरी तोडून आणतात, आठवड्याला एक तरी येतो.

बंद करायचं कसं?

आधी इंजिन, मग पाणी, मग घोडा दाबून धरायचा, धार संपून थेंब थेंब पडेपर्यंत. मग घोडा दाबला जाऊ नये म्हणून गनचा खटका लावायचा. त्याच्यानंतरच पाइपाला, नोजलला हात. नोजल बदलताना सुद्धा दर वेळी हेच. हो, दर वेळी.

नोजलचे रंग कशासाठी असतात?

रंगावरून धारेचा कोन कळतो. लाल ० डिग्री, पिवळं १५, हिरवं २५, पांढरं ४० अन् काळं ६५ डिग्रीचं, काळ्यातून साबणाचं पाणी जातं अन् त्याला प्रेशर कमी असतं. कोन जितका कमी तितकी धार सुरीसारखी.

लाल नोजल मी देत नाही. ते माझ्या गल्ल्यात पडलेलं असतं. मागून बघा, मिळणार नाही. त्यानं माती लवकर निघते हे खरं, पण रंगही निघतो, लाकडाच्या चिरफळ्या निघतात आणि पायावर आलं तर विचारूच नका. आपल्या काळ्या मातीचा रोटाव्हेटरच्या पात्यांमागं बसलेला गोळा सुद्धा पिवळ्यानं निघतो, फक्त अगोदर अर्धा तास पाणी मारून भिजू द्यायचा. भिजवलं की निम्मं काम विनाप्रेशर होतं, पण एवढा धीर कुणाला नसतो. बाकी ट्रॅक्टरच्या पत्र्याला हिरवं, कारला अन् मोटारसायकलला पांढरं.

किती लांबून मारायचं?

दोन-अडीच फुटांवरून सुरू करा अन् गरज असेल तसं जवळ या. वीतभर अंतराच्या आत जायचं काम नाही. टायरच्या बाजूला तर फुटापेक्षा जवळ नको, वरून काही दिसत नाही पण आतले धागे कापले जातात अन् टायर नंतर कधीतरी रस्त्यात फुटतं.

ट्रॅक्टरवर कुठं मारायचं नाही?

रेडिएटरच्या जाळीवर तिरकं मारलं की पाती आडवी होतात, मग उन्हाळ्यात इंजिन तापायला लागलं की लोकं मेकॅनिकला शिव्या देतात. एअर फिल्टरच्या तोंडात, डायनॅमोवर, बॅटरीवर, मीटरवर, वायरींच्या जोडांवर नको. बेअरिंग अन् ग्रीस निपलच्या जागी जवळून मारलं तर पाणी सील ओलांडून आत जातं, ग्रीस धुऊन काढतं, म्हणून धुतल्यावर नवीन ग्रीस भरा. अन् गरम इंजिनावर गार पाणी मारू नका, आधी तासभर गार होऊ द्या.

गोठ्यात, शेडमध्ये मशीन नेलं तर चालतं का? दारं उघडी ठेवू.

नाही. दारं उघडी असली तरी नाही, पंखा लावला तरी नाही.

पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत, म्हणजे कळायला काही मार्गच नाही. डोकं दुखतं, चक्कर येते, मळमळतं, माणसाला वाटतं ऊन लागलं असेल, अन् बाहेर पडायचं सुचायच्या आत पाय गळतात. अमेरिकेच्या नायॉश या कामगार सुरक्षा संस्थेनं १९९६ मध्ये यावर इशारा काढला होता, त्यात एका शेतकऱ्याची नोंद आहे, ११ हॉर्सपॉवरच्या पेट्रोल वॉशरनं तो आपला गोठा धूत होता, साधारण अर्ध्या तासात कोसळला अन् गेला. त्याच इशाऱ्यात दुसरा एक माणूस आहे, मोठ्या हॉलमध्ये ८ हॉर्सपॉवरचा पेट्रोल पंप चालवत होता, जवळची दारं उघडी होती, तरी बाहेर येता येता बेशुद्ध पडला.

म्हणून मशीन बाहेर, दारं-खिडक्यांपासून वीस फूट लांब, सायलेन्सरचं तोंड वारा वाहत जातो त्या बाजूला, अन् आत फक्त पाइप अन् गन. आमच्याकडं लांब पाइप आहे, मागा, त्याचे पैसे घेत नाही. कुणाला चक्कर आली तर लगेच मोकळ्या हवेत आणा, १०८ ला फोन करा, अन् आत पडलेल्याला काढायला आणखी एक जण विचार न करता घुसला असं होऊ देऊ नका, आधी इंजिन बंद. विहिरीत किंवा हौदात उतरून धुणार असाल तर मशीन काठावर सुद्धा ठेवू नका, तो धूर खाली उतरतो अन् खड्ड्यात साचून राहतो.

बैल धुवायला चालतं का? पोळा आलाय.

दर वर्षी कुणीतरी विचारतंच. नाही हो. वर्षभर राबलेल्या जित्राबाला सणाच्या दिवशी २५०० पीएसआय? कातडी फाटते, डोळा-कान जातो, अन् इंजिनाच्या आवाजानं बुजलेला बैल दावं तोडून कुणाच्या अंगावर जाईल सांगता येत नाही. बादली घ्या, घासणी घ्या, नदीला पाणी असेल तर नदीवर न्या.

दसरा काढायचाय, वाकळा धुता येतील का?

घरातली अर्धी बाई माणसं खूश होतील असं वाटतं ना, पण टाके उसवतात. एकानं आजीची वाकळ धुतली, चिंध्या दोरीवर वाळत घातल्या. चटया, सतरंज्या पांढऱ्या नोजलनं तीन फुटांवरून चालतात.

वाड्याच्या भिंती, अंगणातली फरशी, पत्रे?

शहाबादी फरशी निघते छान, पण सांध्यातलं सिमेंट जुनं असेल तर तेही निघतं. पांढऱ्या मातीच्या भिंतीला आणि माळवदाला हात लावू नका, माती पाण्यासोबत अंगणात येईल. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांवर अजिबात नको, त्यात ॲस्बेस्टॉस असतो अन् धारेनं त्याचे तंतू सुटतात, ते फुप्फुसात गेले की निघत नाहीत. शिवाय पत्रा ओला अन् निसरडा, वर चढणाराच खाली येतो.

शिडीवर उभं राहून गन चालवायची नाही हे पण इथंच सांगतो. घोडा दाबला की गन मागं ढकलते, जमिनीवर त्याचं काही वाटत नाही, शिडीच्या पाचव्या पायरीवर वाटतं. उंच जायचं असेल तर गनला लांब दांडी लावा, पाय जमिनीवर. वर लाइटच्या तारा आहेत का ते आधी बघा. डीपी, मोटरची स्टार्टर पेटी, मीटर यांच्या दिशेनं पाण्याची धार जाऊच द्यायची नाही.

अंगावर काय घालायचं?

गमबूट. चप्पल घालून आलात तर मशीन देत नाही, यावरून दोन गिऱ्हाइकं तोडून बसलोय. जाड पँट, बाजूनं बंद असलेला चष्मा, रबरी हातमोजे, कानाला मफ. उडालेला खडा पाण्यापेक्षा वाईट असतो, म्हणून साधा नंबरचा चष्मा पुरत नाही. आवाजाचं म्हणाल तर ८५ डेसिबलच्या पुढं आठ तास काम कानाला मारक धरतात, अन् दर तीन डेसिबल वाढले की सहन होणारा वेळ निम्मा होतो, असली इंजिनं जवळून सहज ८५ च्या वर जातात. उपरणं, ओढणी, धोतराचा सोगा गरम सायलेन्सरपासून अन् पट्ट्यापासून लांब. फवारणीचं यंत्र किंवा टाकी धूत असाल तर तोंडाला मास्क पण, कारण औषधाचे तुषार परत तुमच्याच तोंडावर येतात, अन् ते पाणी विहिरीकडं किंवा जनावरांच्या हौदाकडं जाणार नाही अशी जागा निवडा.

लेकरं पंधरा पावलं लांब. गनसोबत खेळणं म्हणून फोटो काढायचे नाहीत, कुणाकडंही गन रोखायची नाही, बंद असली तरी.

हाताला धार लागली पण बारीकच ठिपका आहे, हळद लावली. चालेल ना?

हे उत्तर नीट वाचा, बाकीची विसरलात तरी चालेल.

ठिपका बारीकच असतो. रक्त फार येत नाही, पहिला तासभर दुखतही नाही फार, माणूस म्हणतो जाऊ द्या. पण पाणी कातडीच्या आत घुसलेलं असतं, शिरांच्या, स्नायूंच्या कडेकडेनं पार बोटातून तळहातापर्यंत पसरतं, सोबत माती, साबण, पाइपातली घाण. काही तासांनी बोट सुजतं, ताठ होतं, रंग बदलतो, तोपर्यंत उशीर झालेला असतो. बऱ्याचदा ऑपरेशन करून आतून धुवावं लागतं, अन् जितका उशीर तितकी बोट जायची शक्यता जास्त.

म्हणून लगेच दवाखाना, अन् जिथं सर्जन आहे तिथंच, संभाजीनगरचं घाटी हॉस्पिटल, अंबाजोगाई, लातूर, नांदेड, जे जवळ असेल ते. तिथं गेल्यावर ‘लागलं’ एवढंच म्हणू नका, ‘हाय प्रेशरचं पाणी आत घुसलंय, अमुक वाजता, त्यात अमुक साबण होता’ असं सांगा, नाहीतर वरून बारीक जखम बघून पट्टी करून घरी पाठवायचे. जाता जाता काही खाऊ नका, भूल द्यावी लागू शकते. हात वर धरा, चोळू नका, पिळू नका. अन् धनुर्वाताचं इंजेक्शन राहू देऊ नका.

पाइपाला कुठंतरी बारीक लीक आहे, सापडत नाही.

हातानं चाचपू नका! वरचंच उत्तर परत लिहावं लागेल. पुठ्ठ्याचा तुकडा पाइपाजवळून फिरवा, ओला होईल तिथं लीक. मग मशीन बंद, प्रेशर सोडा, पाइप बदला. चिकटपट्टी, रबर गुंडाळणं, तार आवळणं यातलं काहीही टिकत नाही.

चालू असताना पेट्रोल संपत आलं तर वरून भरू का?

बंद करा, पंधरा-वीस मिनिटं गार होऊ द्या, तोपर्यंत चहा प्या, पण बिडी-सिगरेट लांब. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते अन् लांबच्या चुलीपर्यंत सुद्धा जाते. टाकी काठोकाठ भरू नका, इंचभर मोकळी सोडा, उन्हानं पेट्रोल फुगतं. सांडलं तर पुसा, वाळू द्या, मशीन चार पावलं बाजूला न्या, मग चालू करा. कडब्याच्या गंजीजवळ, सोयाबीनच्या भुसकटावर, पळाट्यांच्या ढिगाजवळ मशीन ठेवायचं नाही, सायलेन्सर विस्तवच असतो. भिंतीपासून निदान मीटरभर लांब.

अन् मोटारसायकलमधून नळीनं तोंडानं ओढून पेट्रोल काढायचं बंद करा राव. घोट गेला तर पोटापेक्षा फुप्फुसाला धोका, अन् कुणी गिळलंच तर उलटी करवू नका, उलटीत ते फुप्फुसात उतरतं, सरळ दवाखान्यात.

बोअरचं पाणी चालतं का?

चालतं, पण गाळून. बोअरचं पाणी बारीक रेती आणतं, ती पंपाचे वॉल खाते. आत येणाऱ्या पाइपाची जाळी रोज काढून धुवा. शेततळ्यातून ओढायचं असेल तर फुटवॉल शेवाळात बुडवू नका, मध्यावर तरंगत ठेवा.

पाणी पुरतं का ते आधी बघा. दहा लिटरची बादली तुमच्या नळाला किती वेळात भरते ते मोजा, पाऊण मिनिटाच्या आत भरायला पाहिजे. त्यापेक्षा हळू असेल तर पंप उपाशी राहतो, गन झटके मारते, पंप खडखड वाजतो. अशा वेळी टाकी उंचावर ठेवून जाड पाइपानं द्या.

पाण्याची नासाडी म्हणून ओरडणारे पण असतात अन् त्यांचं चुकतं असं नाही, ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तो आपलाच मुलूख. पण मशीन मिनिटाला दहा लिटरच्या आसपास घेतं, मोकळा नळीचा पाइप लावून गप्पा मारत धुणारा याच्यापेक्षा जास्त पाणी घालवतो.

घोडा सोडून फोनवर बोलत होतो, खालून गरम पाणी निघालं.

घोडा सोडला की पाणी पंपातच गोल गोल फिरतं अन् तापतं. साधारण ६० डिग्रीच्या आसपास एक वॉल उघडून ते बाहेर टाकतो, त्यानं पंप वाचवला तुमचा. दोन मिनिटांच्या वर थांबायचं असेल तर इंजिन बंद करा. तो वॉल गळतो म्हणून बोल्ट ठोकून बंद करणारा एक कारागीर मी बघितला आहे, तसं करू नका. तसंच प्रेशर वाढवायला स्क्रू आवळायचा नाही अन् इंजिनाची स्प्रिंग ओढायची नाही, पाइपाची ताकद तेवढीच राहते ना.

आमच्याकडं फवारणीच्या एचटीपी पंपाला इंजिन जोडलेलं आहे, तेच वापरू का?

वापरतात लोकं, प्रेशर बरंच कमी असतं. पण पट्ट्यावर जाळी नसेल तर तेच जास्त धोक्याचं, बोट पुलीत जातं. जाळी बसवून घ्या, अन् चालू असताना पट्टा सरकला तर हातानं चढवू नका.

घरचं मशीन आहे, सीझन झाल्यावर कसं ठेवायचं?

पेट्रोल काढून घ्या अन् कार्बोरेटरची वाटी पण रिकामी करा. आताच्या पेट्रोलात इथेनॉल असतं, आपल्याच उसा-मक्याचं म्हणून अभिमान बाळगा पण ते हवेतलं पाणी ओढतं अन् दोन-तीन महिन्यांत आत चिकटा धरतो. बऱ्याच छोट्या इंजिनांच्या पुस्तकात इथेनॉल १० टक्क्यांपर्यंतच चालतं असं छापलेलं आहे, तुमचं पुस्तक बघा. नवीन इंजिनाचं पहिलं ऑइल २० तासांनी बदला, मग दर १०० तासांनी. पंपातलं पाणी काढा, नाहीतर बोअरच्या पाण्याचा क्षार आत बसतो.

भाड्याचं परत आणताना काय बघता?

कॉक बंद, टाकी रिकामी, पाइप गुंडाळलेला, पीळ न पडलेला. टेम्पोत आडवं टाकून आणू नका, ऑइल एअर फिल्टरात जातं, उभं बांधून आणा. पेट्रोल उरलं असेल तर तुमच्या कॅनमध्ये काढून न्या, ते तुमचंच आहे. अन् नोजल चार देतो, चार मोजून घेतो.